भिंतीवरचं कॅलेंडर आणि कोयत्याचं कॅलेंडर

एक सोपा प्रश्न. तुमच्या गावाचं वर्ष कधी सुरू होतं? कुणी म्हणेल पाडव्याला, कुणी म्हणेल एक जानेवारीला. पण आपल्या गेवराई तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर, वस्तीवर जाऊन आजीला विचारून बघा. ती 'पट्टा पडल्या'पासून मोजायला लागेल. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, फडावरची माणसं घरी आली. इथलं वर्ष तिथून लागतं!

भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा महिने आहेत. आपल्या गावात मात्र दोनच ऋतू असतात : गाव भरलेलं आणि गाव रिकामं.

भरलेलं गाव

भरलेलं गाव तुम्हाला पाठ आहे. मृग निघाला की सरकी लावायची घाई, बियाण्याच्या दुकानासमोर रांगा. आषाढीच्या आधी मुक्ताईची पालखी शहागडला गोदावरी ओलांडून गेवराईमार्गे बीडकडं जाते, तेव्हा हायवेच्या कडेला चहा-फराळाचे स्टॉल लावणारी पोरं तुमच्यातलीच असतात. श्रावणात पोथ्या, सप्ताह, काल्याचं कीर्तन. पंचमीला झोके. शनी अमावास्येला राक्षसभुवनची गर्दी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी. मग गणपती, घरोघरी महालक्ष्म्या, आणि नवरात्रात तलवाड्याच्या त्वरितादेवीचा रस्ता पहाटेपासून जागा.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली का? पोळ्यानंतर पारावरच्या गप्पांचा विषय बदलतो. मुकादम गावात दिसायला लागतो. कुणी किती उचल घेतली, यंदा कुठल्या कारखान्याला जायचं, म्हाताऱ्यांकडं कोण थांबणार. लक्ष्म्यांचं हळदीकुंकू चालू असतं आणि मागच्या खोलीत उचलीचा हिशेब चालू असतो.

दसऱ्याला आपण आपट्याची पानं देतो, सीमोल्लंघन म्हणतो. आपल्या भागात ते खरोखरच होतं. दसरा-दिवाळीच्या मागंपुढं ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात. पेट्या, बोचकी, पिठाची पोती, ताडपत्री, सरपण, कोंबड्या आणि वर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणीसुद्धा कोयत्यावर होते!

रिकामं गाव

सगळं गाव जात नाही. कापसाची वेचणी असलेले राहतात, दुकानदार राहतात, म्हातारी माणसं राहतात. आणि तुम्ही राहता, कारण तुमचं कॉलेज आहे.

हे दुसरं गाव कुणी लिहून ठेवलंय का? दुपारी चारला गल्लीत एकही आवाज नसतो. संक्रांतीला ववसायला बायका कमी पडतात. भजनात टाळ जास्त आणि माणसं कमी. हंगामी वसतिगृहातली लेकरं संध्याकाळी आजीच्या ओट्यावर येऊन बसतात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा पेपर कसा गेला हे आईला फोनवर सांगावं लागतं, तेही ती फडातून कोपीवर आल्यावर.

तुमच्यापैकी अनेकांनी हे भोगलंय. पण कॉलेजात कुणी विचारलं, "घरचे काय करतात?" तर आपण "शेती" म्हणून मोकळे होतो. लाजण्यासारखं त्यात काय आहे? कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंतचे कारखाने ज्या हातांवर चालतात, ते हात आपल्या घरचे आहेत.

मग अडचण कुठं आहे?

अडचण अशी की सरकारी कामकाज भिंतीवरच्या कॅलेंडरनं चालतं. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. साधारणपणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तयार करायची देशभरातली मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू होते. म्हणजे आपल्याकडं उचली वाटल्या जातात, तेव्हा. पुढच्या बैठका होतात तेव्हा निम्मी घरं कुलूपबंद. २६ जानेवारीच्या सभेत ज्या तांड्याला पाणी हवंय तो तांडाच हजर नसतो.

सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की गणपूर्तीची अट उरत नाही. म्हणजे गाव नसतानाही गावाचा ठराव होऊ शकतो. यात कुणाची बदमाशी असेलच असं नाही. दोन कॅलेंडरांचा मेळ बसत नाही, एवढंच.

तुम्ही काय करू शकता?

मतदार यादीत नाव आहे ना? मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. कुणाची परवानगी लागत नाही.

एक : १ मे आणि १५ ऑगस्टला गाव भरलेलं असतं. त्याआधी चार मित्र-मैत्रिणी मिळून वस्तीवर फिरा. पाणी, रस्ता, लाईट, ज्याची त्याची मागणी लिहून घ्या आणि सभेत लेखी द्या. तोंडी बोललेलं हवेत जातं.

दोन : माणसं निघायच्या आधी, गणपतीतच, कुठली लेकरं मागं राहणार याची यादी शाळेत द्या, म्हणजे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत जाईल. जी सोबत जाणार त्यांच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या.

तीन : २६ जानेवारीच्या सभेला झेंडावंदन करून घरी पळू नका. थांबा. जे इथं नाहीत त्यांच्या वतीनं बोलायला तुम्हीच आहात.

चार : एक वही करा. गिल्बर्ट व्हाईट नावाच्या इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकानं आपल्या सेलबोर्न या छोट्या खेड्यात कोणता पक्षी कधी आला, हवा कधी पालटली, हे वर्षानुवर्षं टिपलं. १७८९ साली त्याचं पुस्तक झालं, आजही लोक वाचतात. आपल्याकडं महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिलं. राक्षसभुवन इतिहासाच्या पुस्तकात आहे, पण १७६३ च्या लढाईपुरतं. तिथल्या माणसांचं वर्ष कुठं आहे?

तुमच्या वहीत पहिला ट्रक कुठल्या तारखेला आला, किती घरांना कुलूप लागलं, किती लेकरं मागं राहिली, पट्टा कधी पडला, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. तीन वर्षांची पदवी म्हणजे तीन हंगामांची नोंद. अशी वही घेऊन ग्रामसभेत उभं राहिलात, तर तुम्हाला कुणी "पोरंसोरं" म्हणून खाली बसवणार नाही.

यंदा ट्रक गल्लीत लागेल तेव्हा सामान चढवायला हात लावाच. मग घरी येऊन त्या दिवसाची तारीख टाका.