परसातला पाहुणा : शिंजीर



बीड जिल्ह्यात पक्षी म्हटला की पाटोदा तालुक्यातल्या नायगावचे मोर आठवतात. पण मोरीच्या कडेच्या जास्वंदीवर येणारा अंगठ्याएवढा पक्षी कोणता, हे पुष्कळांना सांगता येत नाही. शाळेतली मुले त्याला 'हमिंगबर्ड' म्हणतात. तो पक्षी फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आढळतो. आपला हा शिंजीर. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो, शिंजीर बहुधा फांदीला धरून पितो.

ओळख सोपी आहे. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, चोच बारीक व बाकदार. विणीच्या दिवसांत नर लांबून काळा दिसतो, उन्हात मात्र निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मातकट, पोटाला पिवळसर. वीण संपली की नरही तसाच दिसतो; गळ्यापासून पोटापर्यंत काळा पट्टा तेवढा राहतो.

याचे घरटे म्हणजे लोंबती पिशवी. गवत, सालीचे तुकडे आणि अळ्यांची विष्ठा कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली. दार बाजूला, त्यावर छोटी पडवी. कधी ते दारातल्या वेलीला, कधी तारेलाही टांगलेले असते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात घर झाडताना मी असेच एक जळमट समजून काठीने ओढले. आत दोन अंडी होती, ती फुटली. मादी दोन दिवस त्या वेलीभोवती फिरत राहिली. शेतीचे शिक्षण घेतलेल्या माझ्या हातून हे घडले, म्हणून सांगतो : लोंबते जळमट ओढण्यापूर्वी त्याला बाजूने भोक आहे का, ते पाहा.

शिंजीर मधाबरोबर किडे व कोळीही खातो. पिलांना तर मुख्यतः किडेच भरवतो. फुलांवर फिरताना परागकणही वाहून नेतो.

त्याला बोलावण्यास खर्च नाही. मोरीच्या सांडपाण्यावर जास्वंद, कर्दळ, केळ लावा. बांधावर पांगारा, पळस, शेवगा राखा. परसातल्या झाडांवर फुले असताना विषारी औषध फवारू नका. साखरेचे पाणी ठेवण्याची गरज नाही. उन्हाळ्यात उथळ परळात स्वच्छ पाणी ठेवून ते रोज बदला.

आणि यंदा घर झाडताना, माताभगिनींनो, त्या लोंबत्या पिशवीपुरता खराटा आवरा. पिले उडून गेल्यावर झाडायला वेळ आहेच.