विंचूदंश आणि बालकाचे हृदय

कोकणातील वैद्यास विंचूदंश अपरिचित नाही. जांभ्याच्या गडग्यात, भाताच्या पेंढ्यात लाल विंचू दडलेला असतो. लोक मोठ्या काळ्या इंगळीस अधिक भितात. प्राणघातक ठरतो तो हा लहानखुरा लाल विंचू. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात विंचवांचे ३० प्रकार सांगून मंद, मध्य व महाविष असे भेद केले आहेत.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. प्रारंभी वांती, लालास्राव, दरदरून घाम, मुलग्यांत शिश्नस्तंभ ही लक्षणे दिसतात. नाडी काही काळ मंदही असते. पुढे ॲड्रिनॅलिनसदृश द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, नाडी धावू लागते. हृदयाच्या स्नायूस विषजन्य शोथ येतो (काही तज्ज्ञ यास शोथ न म्हणता तात्पुरते दौर्बल्य म्हणतात, रुग्णशय्येपाशी हा वाद गौण आहे). अकाली ठोके पडतात, विद्युत्‌वहन अडते, फुप्फुसांत पाणी साचते. बालकाच्या वजनाच्या मानाने विष अधिक पडते, म्हणून त्यास धोका मोठा.

व्यवसायाच्या आरंभी आमच्याकडे दंश झालेला एक सात वर्षांचा मुलगा आणला होता. लेप लावल्यावर वेदना शमली आणि आम्ही निश्चिंत झालो. वस्तुतः वेदना थोडी, पण घाम व गार हातपाय, हेच अशुभ चिन्ह होते. तासाभराने नाडी चुकू लागली, तेव्हा कोठे आम्ही त्यास जिल्हा रुग्णालयात धाडले. मूल वाचले, तो तास मात्र आम्ही व्यर्थ दवडला होता.

शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. हृदयविकाराची पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये, तर प्राझोसिनचा उपयोग १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. बालकास दर किलो वजनास ३० मायक्रोग्रॅम, हातपाय उबदार होईपर्यंत दर ३ तासांनी, अशी ही मात्रा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले. केवळ प्राझोसिन घेतलेल्यांस १७.७ तास लागले.

लेप लावण्यास आमचा विरोध नाही, पण त्यासाठी गाडी थांबवू नये. नाडी अनियमित लागल्यास ‘वातप्रकोप’ एवढीच नोंद करून स्वस्थ न बसता ईसीजीची सोय असलेल्या ठिकाणी बालकास तत्काळ पाठवावे. प्राझोसिन दिल्यावर मुलास उभे करू नये, कडेवरही घेऊ नये. रक्तदाब एकाएकी उतरतो.