हॅनिबलची उतारी

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी मी कॅनीची लढाई जिंकले. डोंबिवलीत, जेवणाच्या टेबलावर, भरल्या वांग्यांचा वास अजून घरात रेंगाळत असताना. भाच्याच्या दहा सोंगट्यांपैकी सात डब्यात परत गेल्या. मी उठून चहा टाकला, एकटीच हसले. दीड तासाने युद्ध हरले.

खेळाचं नाव ‘हॅनिबल: रोम व्हर्सेस कार्थेज’. मार्क सिमोनिच यांनी रचलेला हा खेळ १९९६ साली ॲव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीने काढला. पुढे त्याच्या नव्या आवृत्त्याही आल्या. भाचा जर्मनीहून येताना बॅगेतले स्वतःचे कपडे काढून हा खोका घेऊन आला, म्हणून बहिणीने दोघांनाही ऐकवलं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पट उलगडला आणि भूमध्य समुद्र दिसला, तेव्हाच मी फसले.

पटावर स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, सिसिली आणि आजच्या ट्युनिस शहरालगतचं कार्थेज. गावांचे ठिपके रेषांनी जोडलेले. सेनापती उभे असतात, त्यांच्यासोबत तुकड्यांच्या सोंगट्या. आणि असंख्य छोट्या चकत्या: हे गाव रोमच्या बाजूने, ते कार्थेजच्या. सुरुवातीला या चकत्यांकडे मी लक्षच दिलं नाही. तीच चूक.

सगळी हालचाल पत्त्यांवर चालते. पानावर एक ते तीन असा आकडा आणि खाली एखादी घटना. घटना घडवा, नाहीतर आकड्याच्या जोरावर सेनापती हलवा, नाहीतर चकत्या मांडा. यातलं एकच करता येतं, आणि हातातलं प्रत्येक पान दोन ठिकाणी हवं असतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल एकच्या पानावरही निघतो. रोमच्या पुष्कळ सेनापतींना उठवायला दोनचं किंवा तीनचं पान लागतं. शिवाय रोमचे कॉन्सल, म्हणजे तिथले सरसेनापती, दर फेरीला नवे, तेही चिठ्ठी उचलल्यासारखे. रोममध्ये कॉन्सल खरोखरच वर्षावर्षाला बदलत. चांगला निघाला तर नशीब.

लढाई मात्र ज्याने मेंढीकोट खेळला आहे त्याला दोन मिनिटांत कळते. दोघांना पानं वाटायची: जितक्या तुकड्या, जितका सेनापती हुशार, जितके प्रांत मित्र, तितकी जास्त. समोरून हल्ला, डावी बगल, उजवी बगल, चाचपणी, दुहेरी वेढा, अशा जाती. चढाई करणाऱ्याने उतारी करायची, समोरच्याने त्याच जातीचं पान द्यायचं. नसेल तर तिथेच पराभव. ‘राखीव’ म्हणून एक पान आहे, ते कुठेही चालतं. जुळवलं तर फासा टाकून उतारी आपल्याकडे ओढायची संधी मिळते. हॅनिबलला चार किंवा कमी पडले की उतारी त्याची. म्हणजे सहापैकी चार वेळा! असा गडी समोर असला की घशाला कोरड पडते.

इतिहासातही पडली होती. इ.स.पू. २१८ मध्ये हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. ट्रेबिया नदीवर रोमची फौज बुडवली, पुढच्या वर्षी ट्रासिमेनो सरोवराकाठी धुक्यात दुसरी, आणि २१६ च्या ऑगस्टमध्ये कॅनीला सगळ्यांत मोठी. मधली फळी मुद्दाम मागे सरकू दिली, रोमन आत घुसले, दोन्ही बगला मिटल्या, पाठीमागून घोडदळ आलं. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार मेलेल्यांचा आकडा सत्तर हजार देतो, रोमन इतिहासकार लिव्ही पन्नास हजारांच्या आत ठेवतो. रोम तिथून चारेकशे किलोमीटर. हॅनिबल तिकडे का गेला नाही, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे.

माझ्यापुरता तो वाद या पटाने मिटवला. रोमला तटबंदी आहे. ती फोडायला वेढ्यात तीनदा यश मिळवावं लागतं, आणि वेढ्याची यंत्रं नशिबाने पान आलं तरच. तेवढ्यात रोमला दर फेरीला पाच नव्या तुकड्या मिळतात. कार्थेजला त्याहून कमी, त्याही बहुतेक स्पेनमध्ये, आफ्रिकेत. समुद्र रोमचा, त्यामुळे जहाजाने कुमक आणायची तर फाशाची भीक मागायची. पॉलिबियसचेच आकडे घ्या: हॅनिबल इटलीत पोचला तेव्हा जवळ वीस हजार पायदळ, सहा हजार घोडेस्वार. हे खुद्द हॅनिबलने दक्षिण इटलीत कोरून ठेवलं होतं, पॉलिबियसने ते वाचलं. आणि रोम व त्याच्या मित्रांकडे हत्यार धरू शकणारे पुरुष सात लाखांवर!

मग चकत्या. शत्रूची चकती उलटवायची तर तिथे आपली फौज उभी हवी. कार्थेज माझं, आणि इटलीत फौज एकच. मी कांपानियात असले की भाचा अपुलियात, मी वळले की तो कांपानियात. कापुआ शहर खरंच हॅनिबलला मिळालं होतं, आणि मिळाल्यापासून त्याच्या गळ्यातलं लोढणं झालं. राखावं लागे. २११ मध्ये रोमने ते परत घेतलंच. औरंगजेब दख्खनेत पंचवीस वर्षं किल्ले घेत बसला, त्याची दमछाक मला या पटावर पहिल्यांदा बोटांना जाणवली. फेरीअखेर प्रांत मोजतात. ज्याचे कमी, त्याने फरकाइतक्या चकत्या उचलायच्या. मी उचलत राहिले. लढाई एकही हरले नव्हते.

इतिहासात हॅनिबलसमोर फेबियस या रोमन सेनापतीने लढायचंच नाही असं ठरवलं होतं. डोंगराच्या कडेने मागे मागे जायचं, चारा जाळायचा, वैरणीला निघालेल्या टोळ्या गाठायच्या. लोक त्याला भित्रा म्हणत. आपल्याकडे कुणी लगेच गनिमी कावा म्हणेल, पण त्यात झडप असते. इथे बहुतेक वेळ नुसतं बसून बघायचं.

परवा बाजू बदलल्या. रोम माझं. ठरवूनच बसले होते, काहीही होवो, लढायचं नाही. चिठ्ठीत फेबियस निघाला, मला हर्ष झाला. दोन फेऱ्या शहाण्यासारखी बसले. डोळ्यांसमोर सॅम्नियम गेलं, मग लुकानिया. भाचा पत्ते पिसत म्हणाला, “मावशी, अजून बसणारच का?”

माझ्याजवळ दहा तुकड्या होत्या आणि त्याच्याजवळ सहा. तीनचं पान टाकून मी चढाई केली. उतारी माझी, उजवी बगल. त्याने जुळवली. फासा टाकला, तीन पडले. पानं जरा वरखाली करून त्याने दुहेरी वेढा ठेवला. माझ्या हातात समोरून हल्ल्याची पाच पानं होती.