निरोपाच्या धाग्यांना वाट कोण दाखवतं?



लकवा मारलेलं माणूस आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, की हातपाय मात्र डावीकडचे लुळे पडतात. कारण मेंदूचे निरोप नेणारे धागे वाटेत मधली रेष ओलांडून पलीकडे जातात. या धाग्यांना मज्जातंतू म्हणतात. रक्ताच्या नसा वेगळ्या, हे वेगळे. त्यांची वाट बाळ पोटात असतानाच तयार होते. अंधारात, केसाहून बारीक असे लाखो धागे आपापल्या जागी पोचतात कसे, तेच आज बघू या.

प्रत्येक मज्जापेशी एक लांब धागा काढते. त्याचं टोक पसरट असतं, त्याला बारीक बोटं फुटल्यासारखी दिसतात. १८९० साली स्पेन देशातल्या काहाल नावाच्या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भात हे टोक ओळखलं. परसातला कारल्याचा वेल आठवा. त्याच्या टोकाचा धागा हवेत चाचपडतो, काडी लागली की धरतो आणि पुढे सरकतो. मज्जातंतूचं टोकही असंच चाचपडत जातं.

पण नुसतं चाचपडून भागत नाही. गुळाकडे मुंग्या याव्यात, तशी काही द्रव्यं या टोकाला जवळ बोलावतात. काही द्रव्यं दूर लोटतात. १९९४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून बोलावणारं एक द्रव्य वेगळं काढलं. त्याला नाव दिलं ‘नेट्रिन’. हे नाव संस्कृतातल्या ‘नेतृ’ शब्दावरून आलं. नेतृ म्हणजे वाट दाखवून नेणारा. आपला ‘नेता’ त्यातलाच. पाठीच्या कण्यात मधल्या रेषेजवळचं नेट्रिन धाग्यांना बोलावतं. धाग्याने रेष ओलांडली, की तिथलंच दुसरं द्रव्य त्याला मागे फिरू देत नाही.

हा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातही होतो. पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक अर्णब घोष आणि त्यांचे विद्यार्थी कोंबडीच्या गर्भातले धागे तपासतात. आपण खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवतो आणि २१ दिवसांनी पिल्लं निघतात, तीच ही अंडी. धाग्याच्या टोकाची बोटं घट्ट टिकायला फॉर्मिन-२ नावाचं प्रथिन लागतं. ते कमी केलं, तर बोटं लटकी पडतात आणि धागे नीट रेष ओलांडत नाहीत, असं त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. बुद्धीची वाढ मंद असलेल्या काही मुलांमध्ये याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. लेकरू जन्मतः अधू निघालं, की बोट आईकडे जातं. “ग्रहणात भाजी चिरली असेल,” “पाय वाकडा पडला असेल.” बायांनो, हे धागे ग्रहण पाहून वाट ठरवत नाहीत. ग्रहणात भाजी चिरल्याने कोणत्याही बाळाला व्यंग येत नाही. जनुकातला बिघाड हा कुणाचा गुन्हा नसतो.

मात्र काही गोष्टी खरोखर आपल्या हातात आहेत.

ज्या नळीतून मेंदू आणि पाठीचा कणा घडतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बंद व्हावी लागते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. मांडवच उभा राहिला नाही, तर वेल चढणार कुठे? म्हणून मूल हवं असेल, तर आधीपासून आणि पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. आशाताईंना विचारा. फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या पाठीवर गाठ होती, तर डॉक्टरांना आधीच सांगा. औषध मात्र मनाने बंद करू नका.

मीठ आयोडीनयुक्तच घ्या. बाळाचा मेंदू घडायला ते लागतं. खर्रा, तंबाखू, दारू यांचं विष वारेतून बाळापर्यंत पोचतं.

आणि फवारणी. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. काही कीटकनाशकं पोटातल्या बाळाच्या मेंदूलाही बाधतात. गरोदर बाईने औषध कालवू नये, पंपात पाणी भरू नये, फवारलेल्या वावरात जाऊ नये आणि फवारणीचे कपडेही धुऊ नयेत. मजुरी बुडते, हे खरं आहे. म्हणूनच हा विषय एकट्या बाईवर सोडू नका, गटात बोला. अशा बाईला त्या दिवसांत दुसरं काम कसं देता येईल, ते बैठकीत ठरवा.

हा लेख सासूबाईंना आणि घरधन्यालाही वाचून दाखवा. भेटू पुढच्या वेळी.