शेंडा वाळला, बुंधा पाहिला?

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत एखादं झाड मरायला टेकलं की मरण्याआधी ते भरभरून फुलतं. बहाराची वेळ नसते, पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या असतात, शेंड्याकडच्या काड्या वाळून त्यांची सल झालेली असते, आणि तरी फांद्या फुलांनी लगडतात. नवखा बागवान खूश होतो. जाणता माणूस खुरपं घेऊन बुंध्याशी बसतो. माती सारली की साल ओलसर, तपकिरी दिसते आणि नखानं खरवडली तरी सुटते. थोडं वर डिंकाचे ओघळ असतात. तंतुमुळं चिमटीत धरून ओढली तर वरचं आवरण मोज्यासारखं हातात येतं, आत नुसता दोरा उरतो. हा डिंक्या. वर दिसतं ते मरण, रोग खाली असतो.

तो घडवणारी फायटोफ्थोरा आता शास्त्रीय वर्गवारीत बुरशीत बसत नाही. तिच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या असतात आणि नात्यानं ती तपकिरी शैवालांना जवळची. ही पुस्तकी बारकाई वाटेल, पण बुरशीवर चालणारी बरीच औषधं तिच्यावर चालत नाहीत, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा सडवून दुष्काळ आणणारी जात याच कुळातली. अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं 1876 मध्ये या कुळाला नाव दिलं. हिचे बीजाणू चक्क पोहतात. त्यांना शेपट्या असतात आणि मुळांतून झिरपणाऱ्या द्रवांचा माग काढत ते साचलेल्या पाण्यातून मुळांपर्यंत पोहोचतात.

मग विदर्भात आपण काय करतो? निचरा न होणाऱ्या भारी काळ्या जमिनीत बाग लावतो आणि पाटानं पाणी देताना एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडतो. रोगाला यापेक्षा चांगली वाट कुणी बांधून दिली नसती. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच असावा, म्हणजे खालचा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट मातीत राहतो आणि त्याहून नाजूक संत्र्याचं खोड मातीला टेकत नाही. पुष्कळ बागांत तो सांधाच भर घालताना गाडला जातो. जुन्या बागेच्या कडेला, त्याच मातीत पन्हेरी धरली असेल, तर रोग कलमाबरोबर विकतच येतो. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था निर्जंतुक मातीच्या पिशव्यांतली रोपं, दुहेरी आळं आणि निचऱ्याचे चर यांचा आग्रह धरते तो यासाठी. दुहेरी आळ्यात पाणी बाहेरच्या कड्यात राहतं, खोड कोरडं. दुकानात फवारणीची चिठ्ठी लगेच मिळते. चर खणायची चिठ्ठी कुणी देत नाही.

या रोगावरच्या औषधांत सगळ्यात जुनं तेच अजून टिकून आहे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेची द्राक्षं चोरांनी खाऊ नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा रोग लागत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. केवडाही फायटोफ्थोराच्याच गोतातला. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायची आणि त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. जेमतेम मिनिटाचं काम, तेही पुष्कळदा टाळलं जातं आणि साल भाजते.

कोकण-गोव्याच्या सुपारीत याच कुळाचा कोळेरोग येतो. आषाढात घोस सडतात आणि कोवळी सुपारी झाडाखाली सडा पडल्यासारखी गळते. पावसाआधी बोर्डो फवारायचं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा. दुसऱ्या फवारणीला उघडीपच मिळत नाही आणि झाडावर चढणारा पाडेली मिळणं त्याहून अवघड.

डाळिंबाचं वेगळं आहे. सांगोला, सटाण्याकडे तेल्याचा बोलबाला जास्त, पण तेल्या जिवाणूचा. तो फळ नासवतो. झाड नेते ती मर. आधी एखादीच फांदी पिवळी पडते, मग अख्खं झाड उभं वाळतं. खोड आडवं कापलं तर लाकडात काळपट-तपकिरी चांदणी उमटलेली दिसते. सेराटोसिस्टिस ही बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. तिला जखम लागते: सूत्रकृमींनी पोखरलेली मुळं, छाटणीची न धुतलेली कात्री किंवा खोडाला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडणारा भुंगेरा. हा भुंगेराही पिल्लांच्या पोटासाठी स्वतःच्या बोगद्यात वेगळीच बुरशी पेरतो. आजारी बागेतून गुटी कलम आणलं की नवी बाग जुन्याच दुखण्यानं सुरू होते. मर लागलेलं झाड वाचवायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मुळांसकट काढून जागेवरच जाळावं. ओढत बांधापर्यंत नेलं तर वाटेत माती सांडते.

हापूसच्या बाबतीत शत्रू आधीच घरात असतो. लॅसिओडिप्लोडिया ही बुरशी निरोगी दिसणाऱ्या फांदीत आणि देठातही गुपचूप राहते. झाडाला पाण्याचा ताण पडला की फांद्या शेंड्याकडून वाळतात, फळ पिकू लागलं की देठाकडून काळं पडतं. म्हणूनच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला मला फवाऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. त्यानं आंबा थोड्या देठासकट उतरतो, चीक सालीवर ओघळत नाही, आणि बुरशीची फळात शिरायची वाट लांबते.

आणि कडुनिंब! किडींवर आपण ज्याचा अर्क फवारतो त्याच झाडाचे शेंडे गेली काही वर्षं तेलंगण, कर्नाटक आणि आपल्याकडेही पावसाळ्यानंतर भाजल्यासारखे तपकिरी होताना दिसतात. फोमोप्सिस ॲझाडिराक्टी ही त्यातली मुख्य बुरशी. म्हैसूरकडच्या अभ्यासकांनी 1997 मध्ये तिचं वर्णन केलं. ढेकण्या हा कीटक कोवळ्या फुटीला टोचून जखमा करतो, त्याचीही तिला मदत होते. झाड बहुधा मरत नाही, उन्हाळ्यात पुन्हा फुटतं, पण फुलं-निंबोळ्या जातात. बुरशी बीतूनही पसरते, म्हणून रस्त्याकडेला लावायची रोपं करणाऱ्यांनी निंबोळ्या कुठल्या झाडाखालून वेचल्या, हे आधी विचारायला हवं.