मिठाचा कर आणि शाळेची पाटी



कर म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मोठ्या दुकानदारांचा नाहीतर नोकरदारांचा विषय. आपला काय संबंध? पण साबणाची वडी घेतली, तेलाची पिशवी आणली, मोबाईलचा रिचार्ज केला, की त्या पैशात सरकारचा कर आलेलाच असतो. आपण रोज कर भरतो, फक्त तो वेगळा दिसत नाही. आणि गावातली शाळा, गुरुजींचा पगार, पोरांची पुस्तकं, दुपारची खिचडी, हे सगळं त्याच पैशातून चालतं. म्हणजे आपण देतोही आणि घेतोही. मधला हिशेब कोण बघतं?

हा हिशेब मागणारा एक मास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. आज त्यांची गोष्ट ऐकू या.

गोखल्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. घरची गरिबी. वडील लवकर गेले. थोरल्या भावाला पंधरा रुपये पगाराची नोकरी लागली. त्यातले आठ रुपये तो दर महिन्याला धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवायचा. उरलेल्या सात रुपयांत सगळा प्रपंच. मैत्रिणींनो, एका पोराच्या शाळेसाठी घर पोटाला कसा चिमटा घेतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गोखलेही ते विसरले नाहीत. पुढे ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित पक्कं होतं, आणि तेच पुढे कामाला आलं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मोजकेच हिंदी सभासद असायचे. सरकारनं जमाखर्च मांडायचा, सभासदांनी त्यावर बोलायचं. मत द्यायचा अधिकार नव्हता. म्हणजे बोलून पैसा वळेलच असं काही नाही. तरी २६ मार्च १९०२ रोजी गोखले तिथं पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलले आणि सगळे कान देऊन ऐकत राहिले. सोलापूरचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी आकड्यांचे मोठे जाणकार. त्यांची मदत गोखल्यांना होती.

सरकार सांगत होतं, यंदा कोट्यवधी रुपये शिल्लक आहेत, देशाची भरभराट चालली आहे. दोनच वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. माणसं, जनावरं मेली होती. गोखल्यांचं म्हणणं असं, की लोक उपाशी आणि तिजोरी भरलेली, याला भरभराट म्हणत नाहीत. गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून पैसा उरला. तो कर कमी करा, नाहीतर लोकांच्या कामाला लावा.

त्यांनी बोट ठेवलं ते मिठावर. तेव्हा एका मणाला अडीच रुपये कर होता. आपण हिशेब करू. एका मणाचे शेर चाळीस, आणि अडीच रुपयांचे आणेही चाळीस. म्हणजे शेरभर मिठाला एक आणा नुसता कर. श्रीमंताच्या घरी आणि मजुराच्या घरी मीठ जवळपास सारखंच लागतं. पण श्रीमंताला तो आणा जाणवत नाही, मजुराच्या घरी मात्र त्यासाठी दुसरं काहीतरी कमी करावं लागतं. कर वाढला की लोक मीठसुद्धा कमी खातात, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं. १९०३ साली हा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एका रुपयावर. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं नाही, मागणी पुष्कळांची होती. पण दरवर्षी उभं राहून आकड्यांनिशी बोलणारा माणूस तिथं होता, याचा उपयोग झाला.

नुसता कर कमी करा एवढंच ते म्हणत नव्हते. जो घ्याल त्याचं काय करता, तेही ते विचारत. लष्करावर एवढा खर्च होतो, मग शाळांना हात आखडता का? हा प्रश्न आपल्याकडे त्याआधीही विचारला गेला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं, की सरकारचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांसाठी. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. त्यात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा नगरपालिकांना आणि जिल्हा बोर्डांना होती. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या घरांना फी माफ. खर्चाचे तीन वाटे, दोन सरकारचे आणि एक स्थानिक बोर्डाचा. बोर्डाला त्यासाठी शिक्षणाचा वेगळा करही बसवता येणार होता. बघा, करावर टीका करणारा माणूस शाळेसाठी कर मागत होता. त्यांचा विरोध कराला नव्हता, अन्यायाच्या कराला होता.

एक गोष्ट मात्र आपण बायांनी लक्षात ठेवली पाहिजे. ही सक्ती आधी मुलग्यांनाच लागू व्हायची होती. मुलींना ती पुढे लागू करता येईल, एवढीच तरतूद होती. चांगल्या विधेयकातसुद्धा मुलगी मागच्या रांगेत होती.

आणि तेवढंही मंजूर झालं नाही. सरकार म्हणालं, लोकांची मागणीच नाही आणि पैसाही नाही. मोठ्या जमीनदारांना काळजी होती, पोरं शाळेत गेली तर राबायला कोण येणार? १९ मार्च १९१२ रोजी मतं पडली. बाजूनं तेरा, विरोधात अडतीस. तीन वर्षांत, १९१५ साली गोखले वारले.

पण मांडलेली गोष्ट वाया गेली नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी तसा कायदा झाला. आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हे कायदे इथं लागूच नव्हते. आपल्या भागाला आणखी थांबावं लागलं. १९४७ साली मिठाचा कर रद्द झाला. आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांची सगळी मुलं, आणि यात मुलगी मुलाच्या बरोबरीनं आहे.

कराचं बोलणंही थांबलेलं नाही. सॅनिटरी पॅडवर बारा टक्के जीएसटी होता. बायांनी देशभर आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो शून्यावर आला. सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटीही काढला गेला.

आता आपलं काम. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या बाया असल्या पाहिजेत. शाळेला आलेलं अनुदान कुठं खर्च झालं, हे बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचं काम आहे. आपल्याकडे कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ते आपल्या गावात का नाही, हे तिथंच विचारायचं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या शाळेच्या समितीत कोणकोण बाया आहेत, त्यांना बैठकीचा निरोप येतो का, की नुसती सही घेतली जाते, हे विचारा. यंदा शाळेला किती अनुदान आलं आणि कशावर गेलं, ते वहीत लिहून घ्या. बचत गटाचा पै न् पैचा हिशेब आपण ठेवतोच. शाळेचा पैसाही आपलाच आहे.