हा करार केला कुणी?

तुमच्या घरात चोर सापडला, तर तुम्ही त्याला शिक्षा ठोठावत नाही, पोलिसांच्या ताब्यात देता. शिक्षेचा हा हक्क तुम्ही सरकारला कधी देऊन टाकलात? सही कुठे केलीत?

याचं एक उत्तर घेऊन 1651 साली इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचं ‘लेव्हायथन’ हे पुस्तक आलं. इंग्लंड यादवीत पोळलेलं, राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षं झालेली. पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र पाहाच! डोंगरामागून एक अवाढव्य राजा उभा राहिलाय. नीट निरखलं की दिसतं, त्याचं धड आणि हात शेकडो चिमुकल्या माणसांचे बनलेत. म्हणजे सत्ता आभाळातून पडत नाही, ती आपलीच बनलेली असते.

हॉब्ज म्हणतो, सरकार नसेल तर प्रत्येकाला प्रत्येकाची धास्ती. म्हणून सगळ्यांनी आपसांत ठरवलं की तलवार एकाच्याच हाती द्यायची. आणि इथे त्याची वकिली चलाखी बघा. करार लोकांचा लोकांशी, राजा त्यात पक्षकारच नाही! मग त्याच्यावर करार मोडल्याचा आरोप ठेवणार कसा?

1689 साली तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या पुस्तकात तीच गोष्ट पार उलटी फिरवली. सत्ता ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव. विश्वासघात झाला की ती परत घ्या! हे पुस्तक इतकं स्फोटक होतं, की त्याने ते निनावी छापलं आणि आपलं असल्याचं थेट मृत्युपत्रात कबूल केलं. 1776 मध्ये अमेरिकेने इंग्लंडच्या राजाला झुगारलं, ते याच युक्तिवादाने. एकाच कहाणीतून निरंकुश राजाही निघतो आणि बंडखोरही.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये या कहाणीला टाचणी लावली: असा करार झाल्याचं कुणाला आठवतं तरी का? झोपेत उचलून जहाजावर आणलेल्या माणसाने समुद्रात उडी टाकली नाही, म्हणून त्याला कप्तान मान्य आहे असं समजायचं? मला तरी याचं चोख उत्तर सापडलेलं नाही.

पण खरा धक्का आपल्याकडे आहे. हॉब्जच्या कितीतरी शतकं आधीच्या कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’त हीच कहाणी येते. मोठा मासा लहान माशाला गिळतो तसा मात्स्यन्याय माजला, लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, विक्रीच्या मालाचा दहावा हिस्सा त्याला ठरवून दिला. त्या मोबदल्यात त्याने रक्षण करायचं. कर म्हणजे राजाचा चक्क पगार!

आणि ही कहाणी सांगतं कोण? राजाचे हेर! कौटिल्य त्यांना तीर्थांच्या ठिकाणी, सभांमध्ये, गर्दीत पाठवतो. एकाने करांवरून राजाला नावं ठेवायची, दुसऱ्याने मनूची गोष्ट सांगून त्याला गप्प करायचं. भांडण लुटुपुटीचं, पण भोवती जमलेले करदाते मात्र खरे.